पहिल्या गिअरमध्ये

एकवीस वर्षं मी हा डोंगर खाली नेला.
रिवणहून धक्क्यावर, दिवसाला सात खेपा.
ताडपत्रीखालून उडणारी तांबडी धूळ
मागच्या स्कूटरवाल्याच्या शर्टावर,
काजूच्या मोहरावर, शाळेतल्या पोरांच्या डब्यात.
मी आरशात बघायचो नाही.

खाण बंद पडली तेव्हा टिपर विकला.
राहिला तो वाट्याचा हा उतार,
खाणीचा गाळ बसलेला,
टाचेखाली पापडासारखा वाजणारा.
सुलक्षा म्हणाली,
इथं गवतसुद्धा उधारीवर उगवणार नाही.

पहिलं वर्ष मी काहीच लावलं नाही.
छत्री घेऊन धोंड्यावर बसायचो.
लोकांना वाटलं, सगुण वेळीप फेणीला लागला.
मी पाणी बघत होतो:
कुठून येतं, कुठं वळतं, कशानं चिडतं,
कोणत्या दगडाशी दोन शब्द बोलून पुढं जातं.

आणि एका दुपारी आठवलं
इनास ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं:
उताराला ब्रेकवर विश्वास ठेवू नको, पुता.
ज्या गिअरनं चढतोस, त्याच गिअरनं उतर.

तीन बांबू बांधले.
मधे सुतळीला बोल्ट लोंबता सोडला,
टिपरचाच, खिशात राहून गेलेला.
त्यानं दाखवली समपातळीची रेघ,
डोंगराच्या पोटावरून आडवी.
तिथं चर खणला. त्याच्या खाली दुसरा.
मग तिसरा, तो चुकला, बुजवला, पुन्हा खणला.
पाणी पहिल्या गिअरमध्ये उतरू लागलं.
गढूळ होतं,
पण घाईत नव्हतं.

कुडचड्याच्या बाजारात इस्मेराल्द मासळी विकते.
तिच्याकडची आतडी, खवले, डोकी मी उचलतो,
खानावळीतून तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या.
कुटून घालतो या आंबट मातीत.
बसमध्ये शेजारी कोणी बसत नाही.
पाय पसरता येतात.

शेवरी आधी लावली, तिला कशाचीच लाज नाही.
तिची पानं कुजली तिथं अळू आलं,
अळवाच्या ओलीत केळ,
केळीच्या सावलीत पोफळीचं रोप, अजून वीतभर.
मिरवेल पत्र्याच्या डब्यातच आहे.
जिच्यावर चढायचं ती उभी तर राहू दे.

शेतकी खात्यातली पोर आली होती वही घेऊन.
काका, तुमचं तत्त्व काय?
म्हटलं, ते ठाऊक नाही.
पण मी लाजाळू उपटत नाही.
का?
सगळे निघून गेले होते, बाय,
तेव्हा तीच एकटी आली होती.
तिनं लिहून घेतलं. काय लिहिलं, देव जाणे.

कालची गोष्ट.
शेडमागं टेकवलेली कुदळ उचलली,
तर दांडा हातात आणि पातं जमिनीवर.
आतून पोकळ.
मातीची बारीक नळी थेट लाकडात शिरलेली.
वाळवी!
मी ओरडलो तशी सुलक्षा धावत आली, साप समजून.

या डोंगरावर एक वारूळ होतं,
माणसाहून उंच. सांतेर म्हणायचो आम्ही.
आई तिथं अबोलीचा वळेसर ठेवायची.
पावसाळ्यात त्याच्या पायाशी अळमी उगवायची,
पांढरी, कळ्यांसारखी,
मोजून न्यायची, सगळी न्यायची नाही.
ते वारूळ कुठल्या तरी खेपेत
माझ्याच मागं भरलं गेलं असणार.
ताडपत्री मी नीट बांधली असणार.

दोनशे रुपयांचा दांडा,
आणि तू हसतोयस? सुलक्षा म्हणाली.

हसत होतो की काय, मला कळलं नाही.
म्हटलं, घरची माणसं आली आहेत,
इतक्या वर्षांनी, उपाशी.

उरलेला अर्धा दांडा तिथंच आडवा ठेवला,
वर दोन मुठी पाचोळा,
आणि पातं घेऊन
नवं लाकूड बघायला निघालो.